सोळा मिलिमीटरचा पीळ

आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. त्यावर दुधाचा हिशोब नाही की किराण्याची यादी नाही. त्यावर लिहिलंय : "मागचा बार १२, मूळचा. पुढचा बार पोकळ, बाहेरचं भोक. चांगले टायर मागे." खाली तारीख आणि माझी सही. हो, सहीसुद्धा! घरी आलेले पाहुणे चहा पिता पिता तो कागद वाचतात आणि काही कळलं नाही की बायकोकडे बघतात. ती म्हणते, "ते याला विचारा." मग मी चहात साखर बरोबर आहे ना वगैरे विचारून विषय बदलतो. आज मात्र सांगूनच टाकतो.

तर माझ्याकडे एक छोटी गाडी आहे, माझदा मियाटा. २००२ सालची, २०१८ मध्ये सेकंडहँड घेतलेली. अमेरिकेबाहेर बऱ्याच ठिकाणी हिला एमएक्स-५ म्हणतात. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याही गाडीचा झालेला नाही. वजन साधारण १,०८० किलो, इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे, वर कापडी छप्पर. फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "दोनच सीट? म्हणजे आम्ही आलो की बसायचं कुठे?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

गाडी मी घेतली खरी, पण ती एकट्या माझी नव्हती. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. इथे गाडीशिवाय कोथिंबीरसुद्धा मिळत नाही. बायको गिअरची गाडी मारुती ८०० वर शिकलेली. इथल्या ऑटोमॅटिक गाड्या चालवून तिला कंटाळा आला होता. गुरुवारी माझी दुसरी गाडी लॅबच्या सामानासाठी लागायची, तेव्हा ती मियाटा घेऊन ऑफिसला जायची. हे गुरुवार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता ऑटोक्रॉसबद्दल. एखादं भलंमोठं रिकामं पार्किंग भाड्याने घ्यायचं, त्यात नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एका वेळी एका गाडीने घड्याळ लावून पळायचं. साधारण एक मिनिटाचा खेळ. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. वेग हायवेपेक्षा कमीच असतो, पण ते एक मिनिट संपता संपत नाही. शिवाय नुसती गाडी पळवून घरी जाता येत नाही. आपली पाळी झाली की उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलावे लागतात. मला हा समाजवाद फार आवडला. पंगतीत जेवायचं तर वाढायलाही उठायचं!

तिथे सत्तरीचे एक गृहस्थ येतात. आयुष्यभर टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेले, माझ्यासारखीच पण अजून जुनी मियाटा. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारतो, पण मनातल्या मनात ते अण्णाच. माझ्या पहिल्या खेपेनंतर ते म्हणाले, "तुझी गाडी वळायला नाही म्हणते आहे." खरं होतं. स्टिअरिंग वळवलं की गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला सरकत जायचं, चाकं किंचाळायची आणि शंकू पडायचे. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. उलट, नाक वळतं पण शेपूट बाहेर जाते, तो ओव्हरस्टिअर. नाक आणि शेपूट दोन्ही सारखीच सरकतील असा समतोल साधणं म्हणजे ही सगळी विद्या. आणि तो साधायचा एक स्वस्त मार्ग म्हणजे स्वे बार बदलणं.

स्वे बार म्हणजे काय? आपल्याकडे गॅरेजवाले त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. खड्ड्यातून जाताना पुढून खटखट आवाज येतो आणि मेकॅनिक न वाकताच सांगतो, "साहेब, लिंक रॉड गेलाय", तो लिंक रॉड या बारचं टोक चाकाच्या सांगाड्याला जोडत असतो. बार म्हणजे गाडीखाली आडवी टाकलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली लोखंडी कांब. मधला भाग बॉडीला रबरी बुशांत धरलेला आणि दोन टोकं डाव्या-उजव्या चाकांना. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर कांब नुसती आपल्या जागी फिरते, काहीच करत नाही. पण गाडी वळणावर झुकली की एक चाक वर आणि एक खाली जातं, मग कांबेला पीळ बसतो. ओला टॉवेल दोघांनी दोन टोकांना धरून पिळावा तसा. कांब त्या पिळाला विरोध करते आणि गाडी कमी झुकते. घाटात लाल डबा वळणावर कलंडतो आणि खिडकीतला माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर येतो, ते कमी करायचं काम या कांबेचं. कल्पना जुनी आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या स्टीफन कोलमन यांना १९१९ मध्ये याचं पेटंट मिळालं होतं.

इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला डॉक्टरेट करूनसुद्धा पहिल्यांदा नीट समजली नव्हती (माझा विषय कंपनं, गाड्या नव्हेत, अशी मी स्वतःची समजूत घालतो).

कुणालाही वाटेल की मागचा बार जाड केला तर मागची बाजू जास्त घट्ट रस्ता पकडेल. होतं नेमकं उलटं! मागचा बार जाड केला की मागची पकड कमी होते. का? वळताना गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार ते गाडीचं वजन, तिची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यावर ठरतं. बार कितीही जाड लावा, त्या एकूण आकड्यात फारसा फरक पडत नाही. पण त्यातला पुढच्या चाकांच्या जोडीने किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, ही वाटणी मात्र बार ठरवतो. जो ताठ राहील त्याच्या अंगावर जास्त ओझं. (कुठल्याही ऑफिसात बघा.)

आणि टायरचा स्वभाव असा की दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. समजण्यापुरते आकडे घेऊ. २५० किलो भार असलेला टायर बाजूला २५० किलोचा जोर लावू शकतो. दोन टायर मिळून ५००. आता वळणात एकावर ४०० आणि दुसऱ्यावर १०० आले. ४०० वाला समजा ३६० देईल, १०० वाला १०५. बेरीज ४६५. भार तोच, टायर तेच, पण ३५ किलोची पकड हवेत गेली. म्हणजे ज्या टोकाला भाराची वाटणी जास्त विषम, त्या टोकाची पकड कमी. मागचा बार जाड केला की मागची जोडी विषम होते, तिची पकड घटते आणि पुढची तेवढी सुखावते. नाक वळायला लागतं. मला हेच तर हवं होतं.

हे कळल्यावर मी एका रविवारी गणित मांडून बसलो. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एस.ओ.एम.च्या पेपरासाठी पिळाचं सूत्र घोकलं होतं : भरीव गोल कांबेचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातावर. तेव्हा वाटायचं, हे आयुष्यात कुठे लागणार? लागलं. माझ्या गाडीचा मागचा बार व्हर्नियरने मोजला, १२ मिलिमीटर. विकत मिळत होता १६ चा. व्यास दीडपटही नाही, एक तृतीयांशानेच जास्त. पण ४/३ चा चौथा घात ३.१६ होतो. चार मिलिमीटरमध्ये तिपटीहून ताठ कांब! शिवाय त्याच्या टोकांना दोन-दोन भोकं होती. लिंक आतल्या भोकात लावली की कांबेचा हात आखूड होतो आणि ती आणखी ताठ होते. हात २३० चा २०० झाला तर आणखी तिसरा हिस्सा जास्त, म्हणजे एकूण मूळच्या चौपटीच्या वर. स्प्रिंगा वेगळ्या असतातच, त्यामुळे सगळी मागची बाजू चौपट ताठ होत नाही. पण फरक डोळ्यांत भरण्याइतका पडतो. आम्ही ज्या वर्गात भाग घेतो त्यात एस.सी.सी.ए. संस्थेच्या नियमाप्रमाणे पुढचा किंवा मागचा असा एकच बार बदलता येतो. मी मागचा निवडला. स्वस्त होता, हलका होता आणि गणित खुणावत होतं.

बसवण्याचं काम तसं सोपं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीखालचा प्रत्येक नट गंजून बोल्टाशी एकजीव झालेला असतो. १४ चा पाना, गंज सोडवणारं तेल आणि मराठीतल्या काही निवडक शब्दांच्या जोरावर दोन तासांत जुना बार निघाला. एक धडा तिथल्या तिथे मिळाला : मागचं एकच चाक जॅकवर उचललं तर बारला पीळ बसलेलाच राहतो आणि लिंकचा बोल्ट काही केल्या सुटत नाही. दोन्ही चाकं एकदम उचलायची आणि गाडी स्टँडवर ठेवायची. नवीन बुश पॉलियुरेथेनचे होते. त्यांना भरपूर सिलिकॉन ग्रीस लावलं नाही तर गाडी जुन्या वाड्याच्या दारासारखी करकरते. मी कमी लावलं. करकरली. पुन्हा सगळं काढलं.

ऑगस्ट २०१९ मधल्या ऑटोक्रॉसला मी आतलं भोक वापरून उतरलो. काय सांगू! गाडी एकदम शहाणी झाली होती. स्टिअरिंगला नुसतं बोट लावलं की नाक वळत होतं. मागच्या खेपेपेक्षा वेळ आठ दशांश सेकंदांनी कमी. ५८ सेकंदांच्या खेळात हे पुष्कळ असतं. अण्णा मात्र कोपऱ्यावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "तुझं आतलं मागचं चाक उचलतंय. गॅस दिलास की ते हवेतच फिरतं." माझ्या गाडीत साधा डिफरन्शियल आहे. एक चाक हलकं झालं की इंजिनाची ताकद तिकडेच वाया जाते. मी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "घरी जाताना भोक बदलतोस ना?" ते स्वतः दर खेपेला निघण्यापूर्वी गाडीखाली आडवे होऊन लिंक सैल भोकात लावतात, दहा मिनिटांचं काम. सत्तरीचा माणूस डांबरावर पाठ टेकून हे करतो याचं मला हसू आलं होतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्याही वेळी म्हटलं, पुढच्या वेळी.

आणखी एक गोष्ट मी केली, तीही शहाणपणा समजूनच. ऑटोक्रॉसमध्ये पुढच्या टायरांच्या कडा झिजतात. सप्टेंबरच्या शेवटी मी टायर फिरवले, पुढचे झिजलेले मागे आणि मागचे बरे पुढे. चारही सारखे झिजावेत हा काटकसरी विचार. आईने साबणाचा तुकडा नव्या साबणाला चिकटवून वापरलेला बघत मोठे झालेले आपण, दुसरं काय करणार?

ऑक्टोबरमधला रविवार. मित्राकडे जेवण होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. परत येताना अंधार आणि पाऊस. बायको शेजारी, तिच्या मांडीवर उरलेल्या चिंचगुळाच्या आमटीचा डबा. हायवेवर चढायचा गोल रॅम्प, फुलाच्या पाकळीसारखा वळत जाणारा. पाटीवर ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. मी असेन ५५ ला. रोज त्याच वेगाने जायचो. अर्ध्या वळणात पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले आणि मी गॅसवरून पाय काढला. बस एवढंच. ब्रेक नाही, झटका नाही.

गाडीची मागची बाजू माझ्या शेजारून पुढे निघाली. हे वाक्य विचित्र वाटेल, पण तसंच वाटतं. पाठीखालून कुणीतरी सतरंजी ओढल्यासारखं. मी उलट स्टिअरिंग मारलं, उशिरा मारलं, जास्त मारलं. पूर्ण एक फेरी आणि वर अर्धी असे फिरून आम्ही रॅम्पच्या आतल्या गवतावर उलट्या तोंडाने थांबलो. वायपर चालू होते. समोरून, म्हणजे आमच्या मागून, एका पिकअप ट्रकचे दिवे येत होते. तो थांबला. त्याला थांबायला जागा मिळाली, याचं श्रेय माझ्याकडे काडीचंही नाही.

कुणाला खरचटलंही नाही. गाडीला बंपरमध्ये अडकलेल्या गवतापलीकडे काही झालं नाही. आमटी मात्र डॅशबोर्डपासून छपरापर्यंत सगळीकडे. तिचा वास त्या गाडीत पुढचे चार महिने होता.

घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. आंघोळ करून आली, केस पुसत पुसत विचारलं, "हे असं कसं झालं? पाऊस तर आपण कितीतरी वेळा बघितलाय."

आणि मी, मूर्खासारखा, समजावून सांगायला लागलो. बार, चौथा घात, भाराची वाटणी. फ्रिजजवळ उभा राहून हवेत बोटांनी यू काढून दाखवत होतो. तिने पूर्ण ऐकलं. ती स्वतः औषधांच्या कंपनीत क्वालिटीत आहे, तिला ऐकून घ्यायची सवय आहे. मग म्हणाली, "म्हणजे तू ऑगस्टमध्ये गाडी बदललीस."

"अगं, गाडी नाही, बार—"

"अरे, मी दर गुरुवारी ती चालवत होते. मला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. लपवलंही नव्हतं. सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. लॅबमध्ये चाचणीच्या यंत्राचा एक स्क्रू जरी बदलला तरी मी वहीत तारीख घालून लिहितो, ते वापरणाऱ्या प्रत्येकाला ईमेल करतो. एकदा एका विद्यार्थ्याने न सांगता सेन्सर बदलला म्हणून मी त्याला अर्धा तास सुनावलं होतं. त्या वेळचं माझं सगळं भाषण मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सात-आठ गुरुवार होते. त्यातल्या दोन-तीनदा पाऊस असणारच. ती याच रॅम्पवरून जाते.

त्या रात्री झोप लागेना म्हणून पुन्हा गणित केलं. रॅम्पची त्रिज्या नकाशावर मोजली, साधारण ४५ मीटर. ४० च्या वेगाने बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या एक चतुर्थांशाहून थोडा जास्त, ०.२८ च्या आसपास. ५५ ला तो ०.५३. वेग दीडपटही वाढला नाही आणि जोर जवळजवळ दुप्पट. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरांची धाव साधारण तिथेच संपते. त्यात गॅस सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. मागचे टायर झिजलेले, मागचा बार आतल्या भोकात. माझ्या ऑगस्टच्या तक्त्यात बारचे आकडे दशांश चिन्हापुढे तीन घरं होते. टायर किती झिजलेत याला रकानाच नव्हता.

गाडी वळायला नाही म्हणते, ही माझी मूळ तक्रार होती. ती खोड नव्हती. कारखान्याने ती मुद्दाम ठेवलेली असते. घाबरलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? गॅसवरून पाय काढतो. नाक बाहेर जाणाऱ्या गाडीत त्याने नाक पुन्हा आत येतं, माणूस वाचतो. शेपूट हलकी असलेल्या गाडीत त्यानेच गाडी फिरते. म्हणून कारखाने थोडा अंडरस्टिअर शिल्लक ठेवतात, आपल्या बायका अडचणीला डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या तसा. मी तो डबा उघडून आठ दशांश सेकंद विकत आणले होते. नव्या गाड्यांमध्ये घसरण्याआधीच चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा असते, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती सक्तीची आहे. माझ्या २००२ च्या गाडीत तिचा पत्ता नाही.

या निमित्ताने शेव्हरोले कॉर्व्हेअरची गोष्ट मी पुन्हा वाचली. १९६० ची ही गाडी, इंजिन मागे, मागचा सस्पेन्शन वळणात चाक आत मुडपणारा. शेपूट जड. अशा गाडीला पुढे एक स्वे बार असता तर भाराची विषमता पुढच्या जोडीकडे गेली असती आणि शेपटीला आधार मिळाला असता. सुरुवातीच्या गाड्यांना तो बार दिलेला नव्हता. १९६४ च्या मॉडेलपासून सगळ्यांना दिला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी 'अनसेफ ॲट एनी स्पीड' लिहिलं, त्याचं पहिलं प्रकरण याच गाडीवर आहे. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष असा आला की कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. खरं कोण यावर लोक अजून भांडतात. मी कॉलेजात असताना ही गोष्ट ऐकून त्या कंपनीच्या इंजिनिअरांना नावं ठेवली होती. एका कांबेचा तर प्रश्न, एवढं कळू नये? आता वाचताना नावं ठेवायचा उत्साह बराच कमी झाला होता. त्यांच्या गाडीत कांब नव्हती. माझ्या गाडीत नको तिथे होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने, पैसे मोजून बसवली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि १२ चा बार परत लावला. मागे नवे टायर घातले. (बरे टायर नेहमी मागे घालायचे, हे टायरच्या दुकानातल्या पोराने मला न विचारता सांगितलं. त्याला डॉक्टरेट नव्हती.) बायको त्या गाडीत बसेना. रुसून नव्हे, नुसती बसत नव्हती. गुरुवारी मीच लॅबचं सामान मियाटाच्या शेजारच्या सीटवर बांधून नेऊ लागलो. डिसेंबरात एकदा तिने फ्रिजवर कोरा कागद लावला आणि पेन माझ्या हातात दिलं. "काय बदलशील ते इथे. तारीख घालून. सही करून. आमच्याकडे असंच करतात."

त्या हिवाळ्यात अण्णांनी त्यांच्या गॅरेजमध्ये पडलेला पुढचा बार दिला. पोकळ नळीचा, बाहेरून २८.६ मिलिमीटर, आतून १९. पोकळ ऐकून मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "गणित कर." केलं. भरीव कांबेशी तुलना केली तर वजन ५६ टक्के आणि ताठरपणा ८० टक्के. पिळाचं सगळं काम बाहेरची कड करते, मधलं लोखंड नुसतं ओझं. माझ्या गाडीच्या २२ च्या पुढच्या बारपेक्षा हा जवळजवळ २.३ पट ताठ. पुस्तकी न्यायाने याने गाडी आणखी नाही म्हणायला हवी. पण पुढची बाजू ताठ झाल्याने गाडी एकूण कमी झुकते, बाहेरचा पुढचा टायर कडेवर न चढता सपाट बसतो, आणि आतलं मागचं चाक जमिनीवर राहतं. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गॅस लवकर देता येतो. सूत्र खोटं ठरत नाही, सूत्राबाहेरच्या गोष्टी जास्त असतात. कागदावर लिहिलं. सही केली. मग बसवला.

२०२० मध्ये करोनामुळे आमचे ऑटोक्रॉस रद्द झाले. जून २०२१ मध्ये क्लबने सरावाचा दिवस ठेवला. सकाळपासून पाऊस. मी हेल्मेट घेऊन निघालो, तर बायको पायात बूट घालून दारात उभी. "एका गाडीत दोघं भाग घेऊ शकतात ना?"

पहिल्यांदा ती एकटीच गेली. मी शंकू उचलायला कोपऱ्यावर उभा होतो. मोकळ्या जागेत आखलेल्या गोलावर तिने वेग वाढवत नेला आणि मग, मला दिसलं, मुद्दाम गॅसवरून पाय काढला. माझ्या पोटात खड्डा पडला. गाडीने नाक किंचित आत घेतलं आणि गप चालत राहिली. तिने पुन्हा केलं. पुन्हा. सहा-सात वेळा. मागच्या गाड्या वाट बघत होत्या, अण्णांनी हात करून त्यांना थांबवून ठेवलं.

नंतर घड्याळ लावून झालं. मी तिच्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने जलद होतो, पण दोन शंकू पाडले. तिने एकही नाही. परत येताना गाडी तिने चालवली, त्याच रॅम्पवरून, पाटीवर लिहिलेल्या वेगाने. मी डाव्या हाताने दाराची मूठ शोधत होतो आणि मूठ उजवीकडे आहे हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. "गाडी वळायला जरा जड झालीये," ती म्हणाली, "ते कागदावर लिही."